जुन्या कमानीखाली भेटायचं

नाशिकचं जुनं ठेसन बंद झालं तेव्हा पेपरात छापून आलं, की म्हणे एका युगाचा अस्त झाला. अस्त कसला डोंबलाचा! दाराला कुलूप घातलं, प्लॅटफॉर्मच्या कडेनं पत्रे ठोकले, एवढंच झालं. पेपरवाला माझ्याच दुकानात चहा पिऊन गेला, पण मला एक शब्द विचारला नाय मेल्यानं. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. आता तुम्ही विचारलंय, तर नीट ऐका. मधे मधे बोलायचं नाय.

मी लंकाबाई. माहेर नांदगावचं, म्हणजे रुळाच्या कडेनंच वाढलेली. गाडीच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाय. लग्न होऊन नाशिकला आले ती ठेसनातल्या हमालाची बायको म्हणून. लाल डगल्यात काय रुबाबदार दिसायचा माझा नवरा! तो गेला, नि रडत बसायला मला सवड नव्हती. ठेसनाच्या दगडी कमानीखाली स्टो मांडला, चहा-भजी सुरू केली. कोण हटवायला आलं तर अशी काय बोलायचे की माणूस परत त्या बाजूला फिरकत नसे.

त्या कमानीखाली मी काय नाय बघितलं! कोळशाची इंजिनं बघितली, त्यांच्या काजळीनं माझी भजी काळी व्हायची नि गिऱ्हाईक ती जळाली म्हणून कुरकुरायचं. बाहेर टांग्यांची रांग असायची. पंचवटीतल्या उपाध्यांची माणसं गाडी थांबायच्या आत डब्याला लोंबकळायची, "गाव कुठलं? आडनाव काय?" करत. ज्याचा यजमान त्याच्या हाती लागला नाय तर तिथंच हमरीतुमरी. मग टांगे गेले, रिक्षा आल्या. घंटा म्हणून वाजवायचा रुळाचा तुकडा गेला, भोंगे आले. साहेब बदलले, घड्याळ बंद पडलं, परत चालू झालं. मी तिथंच. बाकीच्यांना ते सरकारचं ठेसन असंल. डोंगरातली माणसं त्याला लंकाबाईचं ठेसन म्हणायची, खोटं नाय सांगत.

ही डोंगरातली माणसं म्हणजे पेठ, हरसूलकडची. भात कापून झालं, दिवाळी सरली की टोळ्या निघायच्या. हरसूलहून एसटीनं नाशिकला यायचं नि माझ्याकडं चहा प्यायचा. पुढं घर दोन वाटांनी जायचं. गडी माणसं नि काही बाया-पोरं कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर, बाकीच्या बाया निफाडच्या बाजूला द्राक्षाच्या बागांत. एक गाडी खाली, एक गाडी वर. एवढी वर्षं ती ताटातूट मी बघितली, कधी कोणी गळा काढला नाय. एवढंच बोलायची एकमेकांशी, "शिमग्याला, कमानीखाली."

शिमगा त्यांना आपल्या दिवाळीहून मोठा. जगाच्या पाठीवर कुठं का असेना, होळीला माणूस आपल्या पाड्यावर पाहिजेच. पण एकेकट्यानं जायचं नाय. जो आधी येईल त्यानं कमानीखाली बसायचं, दुसऱ्या गाडीचं माणूस आलं की मग जोडीनं हरसूलची एसटी धरायची. जादाची भांडीकुंडी, गोधड्या माझ्या दुकानामागं ठेवून जायची. आजवर एक वाटी इकडची तिकडं झाली नाय.

एकदा काय झालं, गाडीत कोणा उंटावरच्या शहाण्यानं जागेच्या लोभानं त्यांना सांगितलं, "नाशिक आलं, उतरा उतरा." बिचारे बायका-पोरांसकट इगतपुरीला उतरले, नि गाडी गेली निघून. तेव्हापासून डब्यातल्या कोणाच्या बापावर त्यांचा विश्वास नाय. पाटी वाचता येत नाय. खिडकीतून कमान दिसली पाहिजे नि माझा आवाज ऐकू आला पाहिजे, तरच नाशिक. म्हणून शिमग्याच्या आठवड्यात पॅसेंजर आली की मी प्लॅटफॉर्मवर जाऊन ओरडायचे, "या रे मेल्यांनो, चहा निवतोय!" की धडाधड उड्या पडायच्या.

मग कुंभमेळा जवळ आला. बाहेरची एवढी माणसं येणार, त्यांना जुनं ठेसन कसं पुरंल, म्हणून रुळांच्या पलीकडं नवं बांधलं. काचा काय, फरशी काय, दारात कारंजं काय! कानामागून आली नि तिखट झाली. तिथला साहेब देवव्रत म्हणून, वयानं माझ्या पोरासारखा, पण बोलायला गोड. मला म्हणला, "मावशी, तुम्हाला नव्या स्टेशनवर पक्का स्टॉल देतोय. पाटी, नळ, वीज, सगळं. फक्त एक अट. ओरडायचं नाही. आता स्पीकर आहे."

"नाय ओरडत," मी म्हणले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. डोक्यावर पत्रा नसलेल्या बाईला नळासकट दुकान मिळालं तर नाचायचं नाय तर काय करायचं? माघात जुन्या ठेसनाला कुलूप लागलं. कमानीसमोरच्या प्लॅटफॉर्मला उंच पत्रे ठोकले. गाड्या नव्या बाजूला थांबायला लागल्या. मी स्टो उचलला, पाठीमागच्या गोधड्या उचलल्या नि पूल ओलांडून पलीकडं गेले. तीच पॅसेंजर नि तेच गाव, मग डोंगरातली माणसं येतीलच की, असं मी धरून चालले.

सगळ्यांत आधी आली ती नवसाबाई. हरसूलच्या वरच्या पाड्यावरची. निफाडच्या गाडीतून उतरली, माझ्या नव्या दुकानाकडं ढुंकून बघितलं नाय, तडक पूल चढून जुन्या ठेसनाकडं गेली. मी चहा घेऊन मागं पळाले. बघते तर बाई कुलूपबंद दारासमोर, कमानीखाली ऐसपैस बसलेली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं मूल.

"अगं बया! झाली?" मी म्हणले.

"पोरगी," ती म्हणली नि हसली.

माझ्या डोळ्याला पाणीच आलं. या बाईची आधीची दोन लेकरं गेली होती, दोन्ही कामावर असताना, परमुलखात. तिसऱ्या वेळी दिवाळीनंतर निघाली तेव्हा सातवा लागलेला. तिचा नवरा, वाळू त्याचं नाव, भट्टीवर निघाला होता, मी समोरच भजी तळत होते. वाळू म्हणजे तोंडातून शब्द काढायला पैसे पडतील असा गडी. त्या दिवशी ती दोघं माझ्या बाकड्यावर शेजारी बसली होती नि नवसाबाई खाली बघून काहीतरी बोलत होती. काय ते मला आत्ता कळलं.

"मी त्याला सांगितलं," ती म्हणली, "शिमग्याला मी कमानीखाली दिसले तर समज सगळं नीट झालं. नाय दिसले तर समज हेबी गेलं नि मीबी गेले. मला हुडकू नको, घरी वाट बघू नको. रिकाम्या हातानं त्या घरात मी परत पाय ठेवायची नाय."

"असं अभद्र बोलतात का गं, भवाने?"

"बोलून बसले. आता तोंडातून गेलेला शब्द." तिनं पोरीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "म्हणून हितंच बसायचं. त्याला हितं दिसले पाहिजे."

मी म्हणले, "अगं, हितं आता कुत्रं येत नाय. गाडी तिकडं थांबते. माझ्या दुकानात येऊन बस." ती उठली, पुलाच्या पायरीपर्यंत आली नि थांबली. "मी तिकडं गेले नि तो हिकडं आला तर?" म्हणली नि परत जाऊन बसली. तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. पोटात राग नि हातात चहा घेऊन मी तिच्याकडं जात येत राहिले.

घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळलं दत्तूमुळं. दत्तू दुसऱ्या टोळीचा मुकादम, पेठचा. तो आला, पण उलट्या बाजूनं! कल्याणहून निघालेला माणूस मनमाडकडून येणाऱ्या गाडीतून उतरला, मागं अख्खी टोळी, सगळ्यांची तोंडं उतरलेली.

"काय रे, तिकडं कुठं गेला होतास मरायला?"

"लंकाबाई, आवंदा ठेसन आलंच नाय!" दत्तू कपाळाला हात लावून बोलला. "आम्ही खिडकीला डोळं लावून बसलो. देवळाली गेली. मग काचंचं कायतरी आलं, लय झगमगाट. लोक म्हणले हेच नाशिक. म्हणलं, जा रे, आम्हाला इगतपुरीवानी गंडवता काय? बसून राह्यलो. मनमाडला टीसीनं मानगुटीला धरून उतरवलं."

मी आधी पोट धरून हसले. दत्तूला चिडवून घेतलं, की मुकादम कसला तू, चिंचोका. नि हसता हसता मला आठवलं. वाळूची टोळी यायची राहिली होती. ती उद्याच्या पॅसेंजरनं येणार, असं दत्तूच म्हणला. हा वाळूही काच बघून बसून राहिला तर? नि ती तिकडं पत्र्याआड, कुलपासमोर, त्याला दिसणार तरी कशी?

मी तडक देवव्रत साहेबाकडं गेले. सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, तेवढा चांगला हाय. म्हणला, "मावशी, गाडी आली की मोहिनी घोषणा करतेच ना."

"तुझ्या मोहिनीचं 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' कोणाला कळतंय? ती त्यांच्याशी बोलते असं त्यांना वाटतच नाय. मला ओरडू दे. एकदाच."

"उद्या?" त्याचा चेहरा पडला. "उद्या उद्घाटन आहे मावशी. वरचे सगळे साहेब येणार आहेत. पाहुणे, सनई, भाषणं. उद्या तेवढं गप्प राहा. उद्या काही गडबड झाली ना, तर तुमचा स्टॉल राहील की नाही ते माझ्या हातात नाही."

"बरं," मी म्हणले. आता बरं म्हणले म्हणजे कबूल केलं असं थोडंच असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं ठेसन नवरीसारखं सजवलं होतं. झेंडूच्या माळा, लाल गालिचा, खुर्च्यांवर पांढरी फडकी. सनई वाजत होती. मला नवी साडी नेसून स्टॉलमागं उभं केलं होतं नि ग्लासं चकचकीत घासून ठेवायला लावली होती. पॅसेंजर नेहमीप्रमाणं उशिरा धावत होती. मी म्हणत होते, ये बाई, भाषणाच्या आत ये. पण गाडी कधी कोणाचं ऐकते का? पाहुण्यांनी माइक हातात घेतला, "नाशिककरांच्या स्वप्नातलं" वगैरे सुरू केलं, नि तेवढ्यात पॅसेंजर आली.

मी प्लॅटफॉर्मकडं निघाले तर दोरी बांधलेली, नि दोरीशी पोलीस. "कार्यक्रम संपल्यावर, मावशी." पोरगेलासा पोलीस, त्याला काय बोलायचं? मी तिथूनच टाचा वर करून बघितलं. अगदी शेवटच्या साध्या डब्याच्या खिडक्यांत ती सगळी डोकी. दत्तूसारखीच. एकदा हिकडं काचांकडं बघायची, एकदा पलीकडच्या खिडकीतून पत्र्यांकडं. बायका गाठोड्यांवर हात ठेवून तयार, पण एक माणूस हलंल तर शपथ. शहरातली माणसं त्यांना ओलांडून उतरून गेली.

माझं डोकं सटकलं. एकदा सटकलं की मग मला माझा स्टॉल दिसत नाय, साहेब दिसत नाय, काय दिसत नाय. घोषणांची खोली माझ्या दुकानाला लागूनच. मी दार ढकललं. मोहिनी, चांगली पोर, रोज माझ्याकडं पोहे खाते, माइकसमोर बसली होती.

"मोहिने, सरक."

"मावशी, काय करताय? माझी नोकरी जाईल!"

"सांग, लंकाबाईनं ढकललं." नि खरंच ढकललं मी तिला, खुर्चीला चाकं होती, भिंतीपर्यंत गेली. मोहिनी तिथूनच म्हणली, "लाल बटण, मावशी. दाबून धरा." चांगली पोर म्हणते ती उगीच नाय.

मी बटण दाबलं नि छाती भरून ओरडले.

"या रे मेल्यांनोऽऽ, चहा निवतोय! हेच नाशिक हाय! काचंला काय बघताय बावळटासारखे? उतरा! लंकाबाई बोलतीय, उतरा!"

अगं आई गं! मी आयुष्यभर नुसत्या गळ्यानं ओरडले होते. त्या भोंग्यांतून माझा आवाज असा काय निघाला की छतावरची कबुतरं उडाली. पाहुण्यांचं भाषण थांबलं. सनईवाला थांबला. नि शेवटच्या डब्यातून धबाधब माणसं पडायला लागली, गाठोडी, हंडे, पोरं, कोंबडीची एक टोपली. दोरी तुटली. पोलीस बाजूला झाला. झेंडूच्या माळांतून टोळी आत शिरली.

मी खिडकीतून एकेक तोंड बघत होते. वाळूच्या टोळीतला चंदर उतरला, त्याची आई उतरली, त्याचे भाऊ उतरले. वाळू नाय. परत बघितलं. वाळू नाय. डब्याच्या शेवटच्या खिडकीत टॉवेल बांधलेलं एक डोकं तसंच होतं, खाली घातलेलं. चंदर दारातून त्याला हाका मारत होता, नि डोकं हलत नव्हतं. तिकडं गार्डानं हिरवं निशाण काढलं.

असा राग आला मला! म्हणलं, एवढं बोंबलले, अख्खी टोळी उतरली, तरी ह्या दगडाला ठेसन कळंना?

परत बटण दाबलं. "वाळू! मुडद्या! ठेसन कळत नसंल तर नको कळू दे, हे तरी ऐक! पोरगी झालीय तुला! जित्ती हाय! बाळ-बाळंतीण दोघी जित्त्या हायेत, नि तिकडं जुन्या कमानीखाली तुझी वाट बघत बसल्यात!"

डोकं वर झालं. गाडी हलली होती. वाळू दारात आला नि गाठोडंबिठोडं काही न घेता त्यानं चालत्या गाडीतून उडी टाकली. कोलमडला, उठला, नि पळत सुटला.

पहिली टाळी कोणी वाजवली माहीत नाय, पण मग सगळ्यांनीच वाजवली, गालिच्यावरच्या साहेबांनी सुद्धा. मी खोलीतून बाहेर आले. देवव्रत साहेबाची पाचावर धारण बसली होती. पाहुण्यांनी त्याला विचारलं, "कोण ही बाई?" मी मनात म्हणलं, गेला नळ, गेली पाटी. साहेबानं एकदा माझ्याकडं बघितलं नि म्हणला, "सर, आमच्या जुन्या स्टेशनच्या घोषणा याच करायच्या." पाहुणे हसले. भाषण परत सुरू झालं, पण ते कोणी ऐकलं नाय. स्टॉल माझा अजून तिथंच हाय, वाटलं तर येऊन बघा, फुकट चहा नाय मिळायचा मात्र.

मी वाळूच्या मागं पूल चढले. चढताना धाप लागली, पण चुकवणार होते थोडीच? तो तोवर कमानीपाशी पोचला होता. नवसाबाई उभी होती. तिनं पोरगी पुढं केली, नि त्यानं आधी दोन्ही हात सदऱ्याला पुसले, मग घेतली. त्याला धरता येत नव्हती नीट. मान सांभाळ, मान सांभाळ, मीच ओरडले.

मग मला राहवेना. जरा कौतुक तर पाहिजे ना माणसाला! मी कमरेवर हात ठेवून म्हणले, "बघ, मी होते म्हणून. नायतर गेला असतास दत्तूसारखा मनमाडला. एवढा बाप्या गडी, नि साधं ठेसन वळखता येत नाय तुला?"

वाळूनं पोरीवरची नजर काढली नाय. "ठेसन वळखलं होतं, लंकाबाई," तो हळूच म्हणला. "देवळालीमागं नाशिकच येतं, तेवढं कळतं मला. ही दिसली नाय. म्हणून बसून राह्यलो."

"बसून राहिलास? नि जाणार कुठं होतास?"

"गाडी जाईल तिकडं."

नवसाबाई पुढं झाली. तिनं पोरगी त्याच्या हातातून काढून माझ्याकडं दिली, त्याच्या पाठीत असा जोराचा एक धपाटा घातला की कमानीखाली आवाज घुमला, मग पोरगी माझ्याकडून घेतली नि परत त्याच्या हातात दिली.